पूर्ण तयार होते, पण गेले नाहीत: बॅकअप अवकाशवीर आणि विमानवाल्यांच्या गोष्टी

पारसिक_डोंगर

नमस्कार मंडळी. नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून इथे विमानांचे फोटो, कुठली फ्लाइट किती वाजता, पार्किंगचे रेट, उलव्याहून रिक्षा मिळते का हे सगळं चालूच आहे, पण मला जरा वेगळ्या विषयावर धागा काढायचा होता. विमानं आणि अवकाश यांच्या इतिहासात अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांनी सगळं ट्रेनिंग पूर्ण केलं, घरच्यांचा निरोप घेतला आणि शेवटी सीटवर दुसराच कोणीतरी बसला. त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो असं मला मनापासून वाटतं.

शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ ला अ‍ॅक्झिअम-४ मोहिमेतून अवकाशात गेले तेव्हा दिवसभर टीव्हीवर तेच होतं आणि असायलाच हवं होतं, ४१ वर्षांनी आपला माणूस वर जात होता. पण ग्रुप कॅप्टन प्रशांत बालकृष्णन नायर हे नाव त्या दिवशी कितीदा ऐकलंत? ते बॅकअप होते. म्हणजे तेच ट्रेनिंग, त्याच मेडिकल टेस्ट, तेच सिम्युलेटर, आणि उड्डाणाची तारीख मे अखेरपासून सरकत सरकत २५ जूनवर गेली तेव्हा ते वाट बघणंसुद्धा तेच.

तीच गोष्ट १९८४ ची. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ टी-११ मधून गेले. त्यांच्याबरोबर विंग कमांडर रवीश मल्होत्रा स्टार सिटीत (सोव्हिएत अवकाशवीरांचं ट्रेनिंग सेंटर) होते, रशियन भाषेपासून सेंट्रिफ्यूजपर्यंत सगळं दोघांनी बरोबर केलं. मल्होत्रा हुद्द्याने सीनियर होते, शर्मा तेव्हा स्क्वाड्रन लीडर. १९७१ च्या युद्धात दोघांनीही विमानं उडवलेली. शर्मांचं नाव मेन क्रूमध्ये लागलं, मल्होत्रांचं बॅकअपमध्ये. परत आल्यावर शर्मांना अशोक चक्र मिळालं, मल्होत्रांना कीर्ती चक्र. म्हणजे सरकारने त्यांची कदर केली, पण आपल्या आठवणीत ते राहिले नाहीत. माझ्या पिढीतल्या दहा जणांना विचारा, शर्मा सगळ्यांना माहीत असतात, मल्होत्रा एखाद्यालाच.

तुम्हाला अशा गोष्टी माहीत असतील तर लिहा, भारतातल्याच पाहिजेत असं नाही.

जुना_रेडिओ

उत्तम विषय काढलात. १९८४ ला मी नौपाड्यात राहायचो, टीव्ही आमच्याकडे नव्हता, खालच्या मजल्यावरच्यांकडे अख्खी चाळ जमली होती. इंदिराजींनी विचारलेला प्रश्न आणि शर्मांनी दिलेलं उत्तर लोकांना आजही पाठ आहे.

पण मी त्यांच्या शेजारच्या सीटवरच्या माणसाची गोष्ट सांगतो, ती तुमच्या विषयात बसते. गेन्नादी स्ट्रेकालोव्ह. मुळात त्या जागेवर निकोलाय रुकाविश्निकोव्ह जाणार होते, त्यांची तब्येत बिघडली म्हणून स्ट्रेकालोव्ह मेन क्रूमध्ये आले. म्हणजे शर्मांबरोबर गेलेला एक जण स्वतःच दुसऱ्याच्या जागी आलेला होता.

आणि हे स्ट्रेकालोव्ह कोण, तर सहाच महिने आधी, २६ सप्टेंबर १९८३ ला, बायकोनूरच्या सोव्हिएत प्रक्षेपण तळावर रॉकेटच्या टोकावर बसलेले असताना खाली इंधनाला आग लागली होती. आगीत केबल जळाल्या त्यामुळे आतल्या दोघांना काही करता येईना, कंट्रोल रूममधून रेडिओने कमांड द्यावी लागली, तीही दोघांनी मिळून. कॅप्सूल वर खेचली गेली आणि दोनेक सेकंदात खाली रॉकेट फुटलं. स्ट्रेकालोव्ह आणि व्लादिमीर तितोव्ह काही किलोमीटर अंतरावर उतरले, मुका मार लागला पण जिवंत. त्यानंतर सहा महिन्यांत हा माणूस त्याच प्रकारच्या रॉकेटवर, आपल्या राकेश शर्मांच्या बाजूला परत जाऊन बसला. आम्ही चाळीत टाळ्या वाजवत होतो तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं, सोव्हिएत लोक तेव्हा अपघात जाहीरच करत नसत.

चिनूची_आई

वाचताना काटा आला अंगावर. माझा मुलगा आठवीत आहे, घोडबंदरला आमच्या गच्चीवरून आयएसएस (आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक) जाताना बघायला पहाटे अलार्म लावून उठतो. त्याला हा धागा वाचून दाखवला तर त्याने विचारलं की बॅकअपला कधी कळतं की आपण जात नाही आहोत? आणि इतकं शिकून तो माणूस नंतर करतो काय? मला उत्तर देता आलं नाही, कोणीतरी सांगा.

पारसिक_डोंगर

ताई, चिनूला अपोलो १३ ची गोष्ट सांगा, त्यात दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत.

केन मॅटिंगली हे त्या मोहिमेचे कमांड मॉड्यूल पायलट, म्हणजे मुख्य यान उडवणारे. निघायच्या काही दिवस आधी बॅकअप क्रूमधल्या चार्ली ड्यूकना ओळखीच्यांच्या मुलाकडून जर्मन गोवर झाला, आणि दोन्ही क्रू एकत्रच काम करत असल्यामुळे सगळ्यांची रक्ततपासणी झाली. मॅटिंगलींना तो लहानपणी झालेला नव्हता, म्हणजे प्रतिकारशक्ती नाही, म्हणजे ऐन चंद्राजवळ असताना अंगावर पुरळ उठायचा धोका. उड्डाणाला जेमतेम तीन दिवस असताना त्यांना काढलं आणि बॅकअपचे जॅक स्वायगर्ट गेले. स्वायगर्टना इतक्या घाईत जावं लागलं की इन्कम टॅक्स रिटर्न भरायचं राहून गेलं, आणि यानातूनच त्यांनी मुदतवाढ मिळेल का असं विचारलं होतं.

११ एप्रिल १९७० ला उड्डाण, दोन दिवसांनी ऑक्सिजनची टाकी फुटली. बॅटरी वाचवायला कमांड मॉड्यूल पूर्ण बंद करावं लागलं. परत येताना ते गारठलेलं यान पुन्हा चालू कसं करायचं, कुठलं बटण आधी कुठलं नंतर, तेही अगदी थोड्या विजेत, ही यादी जमिनीवर तयार झाली आणि त्या कामात मॅटिंगली होते. त्यांना त्या यानाची रग न रग माहीत होती कारण ते स्वतःच उडवणार होते. गोवर त्यांना झालाच नाही. आणि पुढे १९७२ मध्ये ते अपोलो १६ मधून चंद्राकडे गेले, बरोबर कोण, तर तेच चार्ली ड्यूक!

स्वायगर्टबद्दल एक राहिलं. १९८२ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले पण शपथ घ्यायच्या आधीच कॅन्सरने गेले. फार चटका लावणारं आहे ते.

ट्रान्सहार्बर

पारसिक, धागा आवडला पण एक मुद्दा पटला नाही. मल्होत्रांबद्दल लिहिताना थोडा बिचारे बिचारे सूर लागला तुझा. अरे त्या माणसाने नंतर काय काय केलंय. हिंडन एअरबेसचे प्रमुख होते, एअर कमोडोर म्हणून रिटायर झाले, मग बंगळुरूला डायनॅमॅटिक कंपनीचा विमानांचे भाग बनवायचा विभाग उभा करण्यात त्यांचा हात होता. तिथून एअरबस ए-३२० च्या पंखांना लागणारे फ्लॅप ट्रॅक बीम जातात. आपण ज्या विमानात बसून गोव्याला जातो ती बरीचशी याच कुटुंबातली. चिनूच्या प्रश्नाचं हेही एक उत्तर आहे. एक दरवाजा बंद झाला म्हणून ते बसून राहिले नाहीत, त्यांची कीव नको करूया.

बॅकअपच्या गोष्टींमध्ये मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट सोयूझ ११ ची. ठाणे ते वाशी रोज लोकलमध्ये वाचायला वेळ मिळतो त्यात कधीतरी वाचली आणि डोक्यातून जातच नाही. जून १९७१. सोव्हिएत संघाचं पहिलं अवकाशस्थानक सल्यूत १ वर जायला क्रू ठरला होता, अलेक्सी लिओनोव्ह (स्पेसवॉक करणारा जगातला पहिला माणूस), व्हॅलेरी कुबासोव्ह आणि प्योत्र कोलोदिन. निघायच्या अगदी तोंडावर मेडिकल झालं आणि कुबासोव्हच्या छातीच्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसावर डाग दिसला. डॉक्टर म्हणाले टीबी असू शकतो. एकाच माणसाला बदलायचं का अख्खा क्रू बदलायचा यावर बरीच वादावादी झाली आणि शेवटी तिघांनाही उतरवलं. लिओनोव्ह आणि कोलोदिन ठणठणीत असून त्यांनाही थांबावं लागलं, त्यांचा संताप संताप झाला असणार, कोणाचाही होईल.

बॅकअप क्रू गेला. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह. ते सल्यूतवर पोचले, तीन आठवड्यांहून जास्त राहिले, त्या काळातला विक्रम होता तो, रोज टीव्हीवर दिसायचे, पात्सायेव्हचा वाढदिवसही वरच झाला. ३० जूनला परत येताना यानाचे भाग वेगळे झाले त्या क्षणी एक व्हॉल्व्ह उघडला जो खूप खाली आल्यावर उघडायला हवा होता. आतली हवा निघून गेली. स्पेससूट कोणालाच नव्हते, कारण त्या छोट्या कॅप्सूलमध्ये सूट घालून तिघं मावत नसत. व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा प्रयत्न झालेला दिसतो, पण त्याला जितका वेळ लागतो तितका वेळ शुद्ध राहिलीच नाही. कॅप्सूल पॅराशूटने एकदम नीट जमिनीवर उतरली. बाहेरच्यांनी हसत हसत दार उघडलं असेल.

आणि कुबासोव्हचा तो डाग? टीबी नव्हताच. अ‍ॅलर्जी होती.

हे वाचल्यावर मी कोलोदिनचा विचार करत राहतो. लिओनोव्ह आणि कुबासोव्ह पुढे गेले वर, कोलोदिन कधीच गेला नाही. त्याची हुकलेली ती एकच संधी, आणि ती हुकली म्हणून तो जगला. अशा माणसाने आयुष्यभर काय वाटून घ्यायचं, दुःख का सुटका? मला खरंच उत्तर सापडत नाही.

चिनूची_आई

हे चिनूला आज नाही सांगणार. मला स्वतःलाच दोन दिवस लागतील.

मग आता सगळे सूट घालतात ते यामुळेच का?

ट्रान्सहार्बर

हो ताई. त्यानंतर सोयूझमध्ये जाताना येताना सूट घालणं सक्तीचं झालं, आणि जागा पुरावी म्हणून पुढची काही वर्षं दोघंच जायचे. सोयूझ टी आल्यावर सूट घालून तिघं बसू लागले, राकेश शर्मा त्यातूनच गेले.

मासुंदा

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही सहसा, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या बहिणीचा मुलगा बारावी फिजिक्स-मॅथ्स चांगल्या मार्कांनी पास झाला, पायलट व्हायचं म्हणून लहानपणापासून ठरलेलं. सीपीएलसाठी (कमर्शियल पायलटचं लायसन्स) मेडिकल केलं तर ईसीजीत काहीतरी आलं आणि सध्या टेम्पररी अनफिट. पुढे काही टेस्ट सांगितल्यात. घरात कोणी धड जेवत नाहीये. तो तर खोलीतून बाहेरच येत नाही. भिंतीवरचे विमानांचे फोटो काढून टाकले त्याने. त्याला काय सांगू तेच कळत नाही, 'होईल रे सगळं नीट' म्हटलं की चिडतो, आणि बरोबरच आहे त्याचं, मला तरी कुठे माहितीये होईल की नाही ते.

जुना_रेडिओ

मासुंदाताई, खोटा धीर देऊ नका, तुमचं बरोबर आहे. पण त्याला डेक स्लेटनबद्दल सांगा. मी ही गोष्ट थोडी सविस्तर लिहितो कारण ती ट्रान्सहार्बरच्या गोष्टीला जाऊन मिळते आणि ते कळल्यावर मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

१९५९ मध्ये अमेरिकेने पहिले सात अवकाशवीर निवडले त्यातले एक स्लेटन. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर उडवलेला माणूस, नंतर टेस्ट पायलट. १९६२ मध्ये त्यांचा नंबर लागला आणि निघायला दोनेक महिने राहिले असताना हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून डॉक्टरांनी थांबवलं. त्यांच्या जागी स्कॉट कार्पेंटर गेले. सातांपैकी बाकी सहाही जण पुढे अवकाशात जाऊन आले, हेच एकटे राहिले.

मग त्यांनी काय केलं, तर नासाने त्यांना अवकाशवीरांचं काम बघायला बसवलं आणि कुठल्या मोहिमेवर कोण जाणार हे ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. जेमिनी, अपोलो, सगळ्या क्रूच्या याद्या त्यांच्या टेबलावर बनायच्या. चंद्रावर कोण जाणार हे ज्याने ठरवलं त्याला स्वतःला एकट्याने साधं विमानसुद्धा उडवायची परवानगी नव्हती. दहा वर्षं. सिगरेट सोडली, व्यायाम, खाणंपिणं, औषधं, डॉक्टरांमागून डॉक्टर. १९७२ मध्ये ठोके नीट पडताहेत म्हणून त्यांना पुन्हा फिट ठरवलं. तोवर चंद्राच्या मोहिमा संपत आल्या होत्या. त्यांना मिळाली ती अमेरिका आणि सोव्हिएत यानं वर जोडायची अपोलो-सोयूझ. जुलै १९७५ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले.

आता समोरच्या सोयूझमधून हात मिळवायला कोण आलं होतं? लिओनोव्ह आणि कुबासोव्ह. तोच कुबासोव्ह, एक्स-रेवाला. एकाला फुफ्फुसाच्या डागाने थांबवलेलं, दुसऱ्याला हृदयाच्या ठोक्याने, आणि दोघं पृथ्वीच्या वर एकमेकांच्या यानात जाऊन जेवले.

अजून आहे पुढे. अपोलो परत उतरताना विषारी वायू आत शिरला म्हणून तिघांना होनोलुलूच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तिथे स्लेटनचा छातीचा एक्स-रे काढला तर फुफ्फुसावर डाग! ऑपरेशन केलं, साधी गाठ निघाली, कॅन्सर नव्हता. पण तो डाग उड्डाणाच्या आधी दिसला असता तर त्यांना परत थांबवलं असतं, हे ते स्वतः मान्य करायचे.

तुमच्या भाच्याचं मेडिकल काय निघेल ते डॉक्टर सांगतील. हृदयाच्या टेस्ट न टाळता पूर्ण करायला सांगा, विमानासाठी नाही तर त्याच्यासाठी. आणि फिट नाही ठरला तरी विमानाभोवती काम खूप असतं, एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण आहे (तिथेही मेडिकल असतं पण नियम वेगळे आहेत), मेंटेनन्स इंजिनिअर आहे, डिस्पॅच म्हणजे फ्लाइटचं नियोजन आहे. हे आज नका बोलू त्याच्याशी. आज नुसती स्लेटनची गोष्ट सांगा, सल्ला न देता.

मासुंदा

काका, खूप आभार. मी प्रिंट काढून त्याच्या दाराखालून आत सरकवलं आहे.

वाशी_खाडीपूल

सगळ्या रशिया अमेरिकेच्याच गोष्टी चालल्यात. शिवकर बापूजी तळपदे यांना विसरलात का? राइट बंधूंच्या आधी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं होतं मराठी माणसाने.

डोंगरवाट

तळपदेंबद्दल मलाही आदर आहे, जे जे स्कूल ऑफ आर्टमध्ये काम करणारा माणूस त्या काळात उडण्याचा ध्यास घेतो ही गोष्टच मोठी आहे. पण १८९५ ला ते विमान उडालं याचा त्या वेळचा ठोस पुरावा मिळत नाही. आणि ज्या वैमानिक शास्त्राचा आधार याच्याशी जोडतात ते १९७४ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीच्या पाच जणांनी नीट तपासलं होतं, भाषा आणि मजकूर बघता ते विसाव्या शतकात रचलेलं आहे आणि त्यातली यंत्रं उडू शकत नाहीत असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या माणसाचा अभिमान खऱ्या गोष्टींवर उभा राहिला तर तो टिकतो असं मला वाटतं, आणि आपल्याकडे खऱ्या गोष्टी भरपूर आहेत.

उदाहरणार्थ १९३० ची आगा खान शर्यत. इंग्लंड ते भारत, कुठल्याही दिशेने, एकट्याने, महिन्याच्या आत जो भारतीय पहिला उडत जाईल त्याला ५०० पौंड. तीन तरुण उतरले, मनमोहन सिंग, अ‍ॅस्पी इंजिनियर आणि जेआरडी टाटा. जेआरडी कराचीहून निघालेले, अ‍ॅस्पी इंग्लंडहून उलट दिशेने येत होते, वय १७. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी अडकून पडलेले, विमानाचे स्पार्क प्लग खराब आणि जास्तीचे नाहीत. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले. अ‍ॅस्पींनी बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. आणि अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकले.

म्हणजे जेआरडी स्वतःच्या हाताने दिलेल्या प्लगमुळे हरले. अ‍ॅस्पी पुढे हवाई दलात गेले आणि १९६० मध्ये हवाई दल प्रमुख झाले. मला तर हे वाचून जेआरडींच्या एअर इंडियापेक्षा त्यांचं ते अबुकीरचं वागणं जास्त मोठं वाटतं, कोणाला पटो न पटो.

वाशी_खाडीपूल

हे माहीत नव्हतं. पुरावा नाही म्हणजे झालंच नाही असं मी अजूनही म्हणणार नाही, पण स्पार्क प्लगची गोष्ट जबरदस्त आहे, घरी सांगितली.

पामबीच

बायकांबद्दल कोणीच बोललं नाही अजून म्हणून मी लिहिते.

१९६१ मध्ये अमेरिकेत पुरुष अवकाशवीरांच्या ज्या तपासण्या झाल्या त्याच एका खाजगी क्लिनिकमध्ये बायकांच्याही केल्या, नासाने नाही, त्या डॉक्टरांनी स्वतःहून. १३ जणी पास झाल्या. सगळ्या अनुभवी पायलट. पुढच्या टप्प्याच्या टेस्ट नौदलाच्या तळावर व्हायच्या होत्या, बॅगा भरून झाल्या होत्या आणि अचानक रद्द झाल्याच्या तारा आल्या. १९६२ मध्ये त्यांच्यातली जेरी कॉब काँग्रेसपुढे जाऊन बोलली, तरीही काही झालं नाही. जेट उडवणारा टेस्ट पायलट पाहिजे असा नियम होता आणि टेस्ट पायलटच्या शाळेत बायकांना घेतच नव्हते, मग नियम पूर्ण करणार कशा? वर्षभरात १९६३ ला सोव्हिएत संघाने व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हाला पाठवलं.

जेरी कॉब नंतर कितीतरी वर्षं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात औषधं आणि मदत पोचवायला विमान उडवत राहिली. २०१९ मध्ये गेली, अवकाशात न जाताच. वॅली फंक त्या सगळ्यांत लहान. अंधाऱ्या टाकीत पाण्यावर तरंगत एकटीने दहा तासांहून जास्त राहिली होती, ना आवाज ना उजेड. ती विमान अपघातांची तपासणी अधिकारी झाली, हजारो लोकांना उडायला शिकवलं, आणि २० जुलै २०२१ ला ८२ व्या वर्षी अवकाशात जाऊन आली, दहाच मिनिटं, पण गेली. मी तो व्हिडिओ नेरूळच्या घरी आईबरोबर बघितला. आई तिच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. वॅली उतरल्यावर हात पसरून नाचली तेव्हा आई रडत होती आणि मला कारण विचारायची गरज नव्हती, तिलाही शिकायचं होतं आणि सातवीला शाळा सोडवली होती.

आपल्याकडच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचं नाव मात्र अभिमानाने घेऊया. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता ते सिलचर, फोकर विमान, कमांडर त्या, को-पायलट निवेदिता भसीन, केबिनमध्येही सगळ्या बायकाच. पाठ्यपुस्तकात हा धडा असायला हवा.

कोंबडभुजेकर

मी जरा वेगळं लिहितो, धाग्याच्या बाहेर जातंय वाटलं तर सांगा.

आमचं गाव कोंबडभुजे. आता विमानतळाच्या जागेत गेलं. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, वाघिवली, उलवे, गणेशपुरी अशी मिळून दहा गावं उठली. उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदी वळवली. आम्ही आगरी, कोळी, भातशेती, खाडीतली मासेमारी, मिठागरं. आता पुष्पकनगरला पक्कं घर आहे, तक्रार म्हणून लिहीत नाही. पण आजी अजून विचारते वडाचं झाड होतं तिथे आता काय आहे, मी काय सांगणार, तिथे विमानं उभी असतात.

तुम्ही १९८४ चा एप्रिल लिहिलात. आमच्याकडे १९८४ म्हटलं की जानेवारी. १६ आणि १७ जानेवारीला जासई परिसरात दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचा नियम आला. माझा बाबा त्या गर्दीत होता. तो सांगतो त्याच उन्हाळ्यात राकेश शर्मा वर गेले तेव्हा गावात कोणाचं लक्ष नव्हतं, घराघरात अजून जानेवारीच चालू होता. बाबाला विमानाचा राग नाही, डिसेंबरमध्ये फ्लाइट सुरू झाल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला घेऊन कुंपणापर्यंत बघायला गेला. विमानाच्या इतिहासात माणसांच्या गोष्टी लिहिताय तर ज्यांच्या जमिनीवरून विमान उडतं त्यांचीही लिहा एवढंच.

पारसिक_डोंगर

दादा, अजिबात बाहेर नाही. बरं झालं लिहिलंत, हे आम्ही रोज अटल सेतूवरून जाणारे लोक सुद्धा विचारात घेत नाही.

तुमचं वाचून थुंबा आठवलं. आपलं पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या ज्या किनाऱ्यावरून उडलं तिथे कोळ्यांची वस्ती होती आणि मेरी मॅग्डलिनचं चर्च. चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा म्हणून साराभाईंना तीच पाहिजे होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या लोकांसमोर विषय मांडला, लोकांनी होकार दिला, आणि ती माणसं आपली घरं आणि चर्च सोडून दुसरीकडे गेली. चर्चमध्ये ऑफिस सुरू झालं, आता तिथे म्युझियम आहे. सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचा तो फोटो आपण सगळ्यांनी शेअर केलाय, पण ज्यांचा तो किनारा होता त्यांचा फोटो कोणी बघितलाय? मी तरी नाही.

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांची तयारी असेल तर जानेवारी १९८४ वर वेगळा धागा काढा, त्यांच्याच शब्दांत.

कोंबडभुजेकर

विचारतो. बोलायला लागला की थांबत नाही, रेकॉर्ड करून टाइप करीन.

ट्रान्सहार्बर

नक्की करा दादा, वाट बघतो.

अजून एक नाव राहतंय, एन. सी. भट, नागपथी चिदंबर भट. इस्रोचे इंजिनिअर. १९८५ मध्ये इस्रोने अमेरिकन शटलमधून पाठवायला दोघांची निवड केली, भट आणि पी. राधाकृष्णन नायर. शटलने आपला इन्सॅट-१सी उपग्रह न्यायचा आणि बरोबर आपला माणूस जायचा असं ठरलं होतं, १९८६ च्या शेवटी शेवटी. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. शटल अडीचेक वर्षं बंद, मग बाहेरच्या देशांचे उपग्रह न्यायचंच थांबलं. इन्सॅट-१सी १९८८ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटने गेला. उपग्रहाला दुसरं रॉकेट मिळालं, माणसांना नाही मिळालं. दोघं परत इस्रोच्या कामाला लागले.

पारसिक, तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये ४१ वर्षं लिहिलंयस ना, ती दोनच वर्षं असू शकली असती.

चिनूची_आई

चिनू विचारतोय भट सरांचा फोटो कुठे मिळेल, त्याला वर्गात प्रोजेक्ट करायचाय 'जे गेले नाहीत' म्हणून. मॅटिंगली, मल्होत्रा आणि प्रशांत नायर यांचे मिळाले. सोयूझ ११ पण सांगितलं काल रात्री, शांतपणे ऐकलं त्याने आणि कोलोदिनचं नाव वहीत लिहून घेतलं.

डोंगरवाट

ताई, त्याला नेव्हिल व्हिन्सेंट पण घ्यायला सांगा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, हे सगळे सांगतात. पण भारतात टपालाची विमानसेवा काढायची कल्पना घेऊन टाटांकडे आले ते व्हिन्सेंट, आणि जुहूहून बेल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल पुढे नेलं तेही त्यांनीच. १९४२ मध्ये युद्धात इंग्लंडहून निघालेल्या बॉम्बर विमानातून प्रवास करताना ते बेपत्ता झाले. भट सरांचा फोटो शोधतोय, मिळाला की इथेच टाकतो, प्रोजेक्ट कधी द्यायचाय?

चिनूची_आई

पुढच्या शुक्रवारी. व्हिन्सेंट लिहून घेतले.